शाळेच्या मागचा धूर



महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही विहारात वजन आणि रक्तदाब तपासायला बसतो. किकवीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून बायका येतात, पोरं येतात, गुडघे धरून म्हाताऱ्या येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या, त्यानंतरच्या रविवारी एक आई सहावीतल्या मुलीला घेऊन आली.

"ताई, पोरीचा खोकला जातच न्हाई. सुट्टीत बरा हुता. शाळा लागली आन् पुन्यांदा सुरू."

खोकला किती दिवसांचा, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का, घरात कुणाला क्षयरोग झाला होता का, हे सगळं विचारलं. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला असेल तर क्षयरोगाची तपासणी करायचीच, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. म्हणून चिठ्ठी दिली. मग विचारलं, घरी चूल आहे का? आई म्हणाली, गॅस आहे. बिडी ओढणारं कुणी? नाही. शेवटी मुलीलाच विचारलं, "शाळेत कुठं बसतेस गं?"

"मागच्या खोलीत. आन् शनिवारी कचरा पेटवायचा असतो, तो आम्हीच पेटवतो."

"आम्ही म्हणजे कोण?"

तिनं बोटांवर चार नावं मोजली. चारही मुली आपल्या वस्तीतल्या. मी हातातली वही खाली ठेवली.

त्या शाळेचं नाव मी इथं लिहिणार नाही. आपल्या भागातल्या कुठल्याही शाळेच्या मागे जाऊन बघा. काळी पडलेली जागा असते, अर्धवट जळलेल्या पुड्या असतात, वितळून दगडाला चिकटलेलं प्लास्टिक असतं. आपल्याला ते इतकं ओळखीचं झालंय की दिसेनासं झालंय.

आधी धुराचं सांगते, कारण हे आरोग्याचं पान आहे. पालापाचोळा जळतो तेव्हा होणारा धूरही फुप्फुसाला वाईटच. त्यातले बारीक कण नाकातल्या केसांना चुकवून श्वासनळीतून थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. पण शाळेच्या ढिगात नुसता पाला नसतो. वेफरच्या पुड्या असतात, तुटक्या चपला असतात, दप्तराचं रेक्झिन असतं, वायरचा तुकडा असतो. रेक्झिन आणि वायरचं वेष्टण बहुतेक वेळा पीव्हीसीचं असतं आणि पीव्हीसीत क्लोरीन असतं. ते जळलं की डोळे-घसा चुरचुरणारा आम्लाचा वायू सुटतो आणि डायऑक्सिन नावाची विषं तयार होतात. ही विषं शरीरातल्या चरबीत साठतात, वर्षानुवर्षं राहतात, आईच्या दुधातूनही बाळाला जातात. त्यांचा कर्करोगाशी संबंध जगभर मान्य झालेला आहे. लहान मूल आपल्या वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, म्हणजे त्याच धुरात उभं राहिलं तरी त्याच्या वाट्याला विष जास्त. आणि काडी लावणारी मुलगी तर ढिगाच्या अगदी जवळ, फुंकर मारायला वाकलेली असते. राखसुद्धा निरुपद्रवी नसते. तीच राख पुढे परसबागेत कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकलेली मी पाहिली आहे. प्लास्टिकची राख भाजीला घालू नका.

मी नर्सिंगची पदविका घेऊन वॉर्डात लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरनं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली. सलाइनची नळी लाल पिशवीत, रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत, सुई पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम 1998 साली आले, 2016 साली ते नव्यानं झाले. त्यांचं सार एका वाक्यात सांगायचं तर कचरा मिसळला की संपला. रक्ताचा एक बोळा स्वच्छ कागदांच्या पिशवीत पडला की ती सगळी पिशवी रोगट. पिवळ्या पिशवीतला कचरा जाळतात तीही साधी भट्टी नसते. तिला दोन कप्पे असतात, आणि दुसऱ्या कप्प्यात धूर सुमारे 1050 अंशांवर पुन्हा जाळावा लागतो. एवढं करूनही 2016 च्या नियमांनी क्लोरीन असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दवाखान्यांतून बंद करायला सांगितल्या, कारण तेच डायऑक्सिन. एवढ्या भट्टीत जी वस्तू जाळायला सरकार घाबरतं, ती आपली सहावीतली मुलगी काडेपेटीनं पेटवते. ढीग नुसता धुमसत राहतो. त्याला ना झडप, ना धुरांडं.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादानं 22 डिसेंबर 2016 रोजी देशभर ती बंदी घातली आणि साध्या जाळण्याला 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड ठेवला. गावात हा दंड कुणी भरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मी शाळेत गेले. मुख्याध्यापक गुरुजी भांडखोर नाहीत, कामाचे आहेत. ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे शिपाई नाही. सफाईला पैसे किती येतात तुम्हाला माहीत नाही. मुलांच्या पाळ्या लावल्यात." त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. वर्ग झाडायच्या पाळ्या सगळ्या मुलांच्या नावानं नीट लिहिलेल्या होत्या, सगळ्या आडनावांच्या. मी विचारलं, कचरा पेटवायची पाळी कुठं आहे? संडासात पाणी टाकायची? ती तक्त्यावर नव्हती.

"त्या मुलींना सवय आहे," गुरुजी म्हणाले.

त्यांच्या मनात वाईट काही होतं असं मला वाटत नाही. म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. सवय कशी लागते हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. चावडी झाडणं, मेलेलं जनावर ओढणं, रात्री-अपरात्री वेसकरकी, ही सगळी आपली 'सवय'च होती. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळ्या तुकड्यांची आशा सोडायला सांगितलं, त्यानंतर गावोगाव लोकांनी ती कामं टाकली आणि त्याबद्दल बहिष्कार सोसले. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. कागदावरचं वतन गेलं. आणि आज, कुणी हुकूम न देता, काडेपेटी पुन्हा त्याच वस्तीतल्या मुलीच्या हातात पोचते.

मुलांनी शाळा झाडू नये असं माझं म्हणणं नाही, हे इथंच स्पष्ट करते, कारण आपल्यातलेही काही पालक रागानं "आमची पोरं झाडूला हात लावणार न्हाईत" म्हणतात. आपण केलेली घाण आपण उचलणं ही चांगली शिकवण आहे. पण ती सगळ्यांना द्यायची. पाटलाच्या मुलालाही, सरपंचाच्या मुलीलाही आणि मुलींइतकीच मुलांनाही. आणि आग, संडास, काच ही कामं कुठल्याच मुलाची नाहीत. एकाच समाजाच्या मुलांना निवडून असं काम देणं हा मानसिक छळ आहे, आणि शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नं मुलांचा मानसिक छळ करायला मनाई केली आहे.

मी भांडले नाही. एका शनिवारची शेवटची तासिका मागून घेतली. आठवडाभराचा कचरा जाळायचा नाही, साठवायचा, एवढीच अट. शनिवारी पटांगणात जुनी ताडपत्री अंथरली, पाचवी ते सातवीच्या सगळ्यांना गोल उभं केलं, हातमोजे नव्हते म्हणून काठ्या आणि चिमटे दिले आणि ढीग वेगळे करायला लावले. गुरुजींच्याही हातात चिमटा दिला. सुरुवातीला नाकं दाबून हसणं झालं. मग हळूहळू मुलं मोजायला लागली.

सगळ्यांत मोठा ढीग निघाला पाच रुपयांच्या पुड्यांचा. हा ढीग मला शिकवायला सगळ्यांत उपयोगी पडला. पुडी आतून चमकते, कारण प्लास्टिकच्या थरावर ॲल्युमिनियमचा पातळ लेप असतो आणि त्यावर पुन्हा प्लास्टिक. हे थर वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला पुडी घेत नाही. तुम्ही त्याला फुकट दिली तरी तो ठेवून घेणार नाही. जी वस्तू भंगारवाला घेत नाही ती शाळेतून कमी करायची म्हणजे ती आणायचीच नाही, दुसरा उपाय नाही.

दुसरा मोठा ढीग उष्ट्या खिचडीचा होता. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम धान्य मंजूर असतं. एवढं हक्काचं अन्न, आणि ते कुत्र्यांपुढे जातं. का? मी विचारलं, "खिचडी कोणकोण टाकतं?" हात वर झाले. "आणि सकाळी पुडी कोणकोण खातं?" जवळपास तेच हात. मधल्या सुट्टीआधी मीठ-तेलाची पुडी पोटात गेली की भूक मरते, मग डाळ-भात नको होतो. म्हणजे एकच पाच रुपयांची पुडी दोन कचरे करते, एक पुडीचा आणि एक खिचडीचा. वर मुलाच्या अंगात रक्त कमी ते कमीच. आपल्या वस्तीतल्या आयांना मी हेच सांगते, सकाळी शिळी भाकरी आणि चटणी खाऊ घाला, मूठभर शेंगदाणे-गूळ डब्यात द्या, पण पोरगं रडतंय म्हणून हातात पाच रुपये ठेवू नका. मला माहीत आहे, सहाच्या गाडीनं कामाला जाणाऱ्या बाईला भाकरीपेक्षा पाच रुपये देणं सोपं पडतं. तरी सांगते.

बाकीचे ढीग लहान होते. कागद आणि पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, पेन आणि रिफिल, झाडांचा पाला. बाटल्या बऱ्याचशा शाळेच्या नव्हत्याच. शाळा पुणे-सातारा महामार्गाला लागून. गाडीतून फेकलेली बाटली वाऱ्यानं कुंपणाशी येते, पावसात ओढ्यात जाते, ओढ्यातून नीरेत, नीरेतून भीमेत. मुलांना हा रस्ता नकाशावर दाखवला तेव्हा एकानं विचारलं, "मग पुणेकरांचा कचरा आमी का उचलायचा?" प्रश्न बरोबर आहे. पुणे शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी किती वर्षं सोसला आणि त्यासाठी किती आंदोलनं केली, ते त्याला सांगितलं. कचरा नेहमी ज्याचा आवाज कमी त्याच्या दाराशी जाऊन पडतो. गावागावांत असंच, आणि गावातल्या गावातही असंच.

आता शाळेत काय सुरू केलंय ते सांगते, म्हणजे तुमच्या गावात करता येईल.

पाल्यासाठी आणि भाजीच्या देठांसाठी मैदानाच्या कडेला खड्डा खणला. विहीर आणि हापशापासून लांब, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर. खाली सुक्या काटक्या, मग एक थर ओला कचरा आणि त्यावर दोन-तीन थर वाळला पाला, थोडी माती, थोडं शेण. ओल किती हवी? पिळलेल्या फडक्याइतकी. आठ-दहा दिवसांनी वर-खाली करायचं. दोन-तीन महिन्यांत खत होतं, काळं, मातीचा वास येणारं. घाण वास आला तर समजायचं की ओलं जास्त झालंय, मग वाळला पाला वाढवायचा. शिजलेलं अन्न मात्र यात टाकायचं नाही, उंदीर-घुशी येतात आणि उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. उरलेली खिचडी त्याच दिवशी शेळ्या-कोंबड्यांना. खरं तर ती उरायलाच नको. आता वाढताना आधी थोडी वाढतात, मागेल त्याला पुन्हा.

कागद, पुठ्ठा, बाटल्या आणि पत्रा यांच्यासाठी व्हरांड्यात दोन गोण्या टांगल्या. कागद कोरडा ठेवायचा, भिजलेली रद्दी कुणी घेत नाही. भंगारवाल्याकडून आलेले पैसे शाळेच्या वहीत लिहायचे आणि त्यातून हात धुवायचा साबण आणायचा, असं मुलांनीच ठरवलं. पहिल्या खेपेला साबणाच्या वड्या आल्या, फार नाही, पण संपेपर्यंत पुरल्या. घरी एक करा. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका, नुसती चीर द्या. तो बोटभर तुकडा कुणीच वेचू शकत नाही, तो गटारातच जातो. आणि फुटक्या कपात, करवंटीत, टायरमध्ये पाणी दिसलं की उपडं करा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस घेतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा असतो, महिन्यातून एक पाळून भागत नाही.

पॅडचा विषय गुरुजींसमोर निघाला तेव्हा ते बाहेर गेले. मुलगे मैदानात आणि मी मुलींबरोबर राहिले. 8 मार्च 2018 रोजी सुरू झालेल्या अस्मिता योजनेनं जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत द्यायचं ठरवलं, ते चांगलंच झालं. पण वापरलेलं पॅड कुठं टाकायचं, हे मुलीला कुणी सांगितलं? ते संडासात जातं आणि संडास तुंबतो, नाहीतर त्याच शनिवारच्या ढिगात जातं. पॅडमध्ये बराचसा भाग प्लास्टिकचा आणि पाणी शोषून घेणाऱ्या रसायनाचा असतो, त्याचा धूरही तसलाच. आता झाकणाचा डबा ठेवलाय. पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर पेनानं लाल ठिपका काढायचा. पुढे कचरा हाताळणाऱ्या माणसाला तो ठिपका कळतो, तो उघडत नाही. पण गावात तो डबा नेणारी गाडी नसेल तर? मग पॅड घरी नेऊन लांब, खोल खड्ड्यात पुरणं हे जाळण्यापेक्षा बरं, एवढंच. धुरांडं नसलेलं छोटं जाळायचं यंत्र संडासात बसवणं मला पटत नाही, तो तोच धूर बंद खोलीत आणणं आहे. ज्यांना जमतं त्यांनी सुती कापड वापरावं. कापड वापरणं म्हणजे मागासपण नाही. ते अंधारात, ओल्या जागी, कपड्यांखाली लपवून वाळवणं धोक्याचं आहे. साबणानं धुवा आणि कडक उन्हात वाळवा, कुणी बघितलं तर बघू द्या.

लाल ठिपक्याची युक्ती माझी नाही. पुण्यातल्या कचरावेचक बायांनी ती घराघरांत पोचवली. यातल्या कित्येक कुटुंबं 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आली. बहुतेक बाया आपल्या आणि मातंग समाजाच्या. 1993 साली बाबा आढावांच्या मार्गदर्शनाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातल्या कार्यकर्त्यांच्या साथीनं त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. महापालिकेचं ओळखपत्र त्यांनी मिळवलं, आणि 2008 साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करायला लागली. 2013 साली त्यांनी वापरलेली पॅड पाकिटांत भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली. विकता तुम्ही, उचलतो आम्ही, तर सोय तुम्ही करा, असा त्यांचा हिशेब. मला त्यांचा अभिमान वाटतो. काम तेच कचऱ्याचं, पण जन्मानं लादलेलं, फुकटचं, नाव नसलेलं काम वेगळं आणि ओळखपत्र, मोबदला, हातमोजे मागून केलेलं काम वेगळं. ही रेघ आपल्या मुलांना दाखवा, नाहीतर ती कचरावेचक आजीकडे नाक दाबून बघायला शिकतील.

तुमचे नातेवाईक पुण्या-मुंबईत कचरा वेचण्याचं किंवा सफाईचं काम करत असतील, तर त्यांना एक निरोप द्या. अशा पालकांच्या पहिली ते दहावीच्या मुलांना केंद्र सरकारची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे. तिला जातीची अट नाही, उत्पन्नाचीही नाही. शाळेतून अर्ज जातो.

आता आपल्याकडेही बघू. 14 एप्रिलची मिरवणूक आपण किती थाटानं काढतो, आणि 15 एप्रिलच्या सकाळी विहारासमोर काय असतं? थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याचे पाऊच, चहाचे कप. राज्यात एकदाच वापरायच्या प्लास्टिक-थर्माकोलच्या ताटल्या-पेल्यांवर 2018 पासून बंदी आहे, देशभर 1 जुलै 2022 पासून. गेल्या जयंतीला आम्ही घरोघरून स्टीलची ताटं गोळा केली, ताटाच्या मागे नेलपॉलिशनं खूण केली. दोन ताटं अजून सापडलेली नाहीत आणि त्यावरून एका काकूंचा माझ्यावरचा राग गेलेला नाही. तरी यंदाही तसंच करणार आहोत.

वस्तू शेवटपर्यंत वापरायची, हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. विनयपिटकात भदंत आनंदांची गोष्ट आहे. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला वाटलं, हा भिक्खू एवढ्या चीवरांचं करतो काय, दुकान मांडणार आहे की काय? त्यानं जाऊन विचारलं. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं जुनी झाली त्यांना देऊ. जुन्या चीवरांचं काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचं? गादीचे अभ्रे. जुन्या अभ्र्यांचं? जमिनीवरची अंथरुणं. मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि फडकी अगदी विरली की चिखलात कुटून जमीन लिंपू. राजानं आणखी पाचशे चीवरं दिली. आपल्या आज्या काही वेगळं करत नव्हत्या. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पायपुसणं, पायपुसण्याचं पोतेरं. ही गोष्ट मी मुलांना सांगितली आणि विचारलं, वहीचं काय करता? परीक्षा झाली की वही रद्दीत, मागची पंधरा-वीस पानं कोरीच. या एप्रिलमध्ये सगळ्यांनी कोरी पानं काढून आणायची आणि दाभणानं शिवून कच्च्या कामाची वही करायची, असं ठरलंय. पाठ्यपुस्तकंही पुढच्या मुलाला जातील. 2023-24 पासून पाठ्यपुस्तकातच लिहायला कोरी पानं जोडली होती, त्यामुळे लिहिलेलं पुस्तक पुढे देता येत नव्हतं. तो निर्णय सरकारनं नंतर मागे घेतला, बरं झालं.

हे सगळं बाहेरून आलेल्या ताईच्या जिवावर टिकत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. हा कायदा आहे, मेहेरबानी नाही. आपल्या वस्तीतलं कोण आहे त्या समितीत? मी त्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "माजं नाव हाय म्हनं त्यात. सही घ्यायला आलं हुतं." पुढच्या बैठकीला ती गेली. बोलली नाही फार, पण कचरा पेटवायची आणि संडासाची कामं मुलांकडून काढायची, हे इतिवृत्तात लिहून घेईपर्यंत ती जागची उठली नाही. संडासासाठी आता एक बाई लावली आहे, पैसे देऊन, हातमोजे देऊन.

ग्रामपंचायतीलाही विचारा. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागातल्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी 60 रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी 45 रुपये धरलेले आहेत. तालुक्याला प्लास्टिक हाताळायच्या केंद्रासाठी 16 लाखांपर्यंतची तरतूद आहे. आपल्या गावाचे किती आले, कुठं खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे.

मुलीच्या तपासणीत क्षयरोग निघाला नाही. डॉक्टरांनी धुराचा त्रास सांगितला, औषध दिलं. खोकला कमी आहे, पण थंडीत रात्री अजून येतो, म्हणून तिला दर महिन्याला बघते. खतखड्डा पिकायला वेळ आहे. पुड्यांचं मात्र घोडं अडलंय. जाळायच्या नाहीत म्हणून भरून ठेवल्या, तर चार गोण्या झाल्या आणि न्यायला अजून गाडी आलेली नाही. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला त्या चारही गोण्या घेऊन जायचं मुलांनी ठरवलंय. उचलायच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लागलाय. पहिलं नाव गुरुजींचं आहे.